डिपस्टिक नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये होज आणि सील घरी बदललं, आता तेलाची लेव्हल कशी बघायची?

पाना_बारा (फोंडा)

गाडी सहा गिअरची ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनाचं बळ तेलातून गिअरला देणारा भाग), पुढच्या चाकांवर चालणारी. तेल एसपी-फोर. डिपस्टिक (तेल बघायची काडी) नाही. गिअर तेल गार करणाऱ्या कूलरचा रिटर्न होज आणि डाव्या ड्राइव्ह शाफ्टचं ऑइल सील घरीच बदललं. त्यासाठी ड्रेन प्लगमधून तेल काढलं, ते मोजून ३.६ लीटर भरलं. शाफ्ट ओढताना थोडं फरशीवर सांडलं, ते मोजात नाही. होज आधीपासून पाझरत होता, पण किती गेलं ते कळायला मार्ग नाही. वरच्या प्लगमधून नवीन ३.६ लीटर घातलंय. इंजिन अजून चालू केलेलं नाही.

प्रश्न असे:
१. लेव्हल प्लग (पातळी बघायच्या भोकाचं बूच) इंजिन चालू ठेवून उघडायचा की बंद करून? एकजण म्हणतो गार गाडी, बंद इंजिन. दुसरा नेमकं उलट सांगतो.
२. पोर्चला पावसाच्या पाण्यासाठी अंगणाकडे उतार आहे. तिथे चालेल का?
३. गाडीच्या कॉम्प्युटरमधून तेलाचं तापमान वाचणारा स्कॅनर नाही. लेझर ठिपक्याची तापमान गन आहे, तेवढ्यावर भागेल?
४. थोडं जास्त पडलं तर बिघडतं का? कमीपेक्षा जास्त बरं, असं ऐकलंय.

लाल_तेल (मडगाव)

एसपी-फोर म्हणजे ह्युंदाई-कियाच्या सहा-गिअर घराण्यातली पेटी (गिअरबॉक्स), म्हणजे तुमच्या गाडीला ठरलेली पद्धत आहे. आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर: इंजिन चालू, आयडलवर, तेल ५० ते ६० अंश. तिन्ही एकाच वेळी जुळायला हवं, नाहीतर मिळणाऱ्या लेव्हलला अर्थ नाही.

इंजिन चालू का, ते बघा. बंद असताना टॉर्क कन्व्हर्टर, कूलर आणि व्हॉल्व्ह बॉडीतलं (तेलाच्या वाटा उघडणारा-बंद करणारा भाग) तेल झिरपून खालच्या ट्रेमध्ये उतरतं. पंप फिरायला लागला की तेच तेल वर खेचलं जातं आणि ट्रेतली पातळी खाली जाते. लेव्हल प्लगचं भोक ‘पंप चालू असताना ट्रेमध्ये किती उरलं’ हे दाखवायला ठेवलेलं आहे. इंजिन बंद ठेवून ते उघडलंत तर भसकन तेल येईल, तुम्हाला वाटेल जास्त झालंय, आणि चांगलं लीटरभर तेल उगाच काढून टाकाल. घरी काम करणाऱ्यांच्या गाड्या तेल कमी राहून घसरायला लागतात, त्यामागे बहुतेक हेच असतं.

आता क्रम.

इंजिन चालू करण्याआधी वरून आणखी ७०० मिली घाला. हा आकडा माझा नाही, ह्युंदाईच्या पद्धतीतच तो आहे. लेव्हल बघण्याआधी मुद्दाम जास्त भरायचं आणि जादा असेल ते प्लगमधून वाहू द्यायचं. कमी तेलावर पंप फिरवून हवा ओढण्यापेक्षा हे बरं. तुमच्या बाबतीत तर कूलरचा होज निघालेला, म्हणजे कूलरही अर्धा रिकामा असणार.

घालताना नरसाळ्याला मीटरभर पारदर्शक नळी लावा. प्लगच्या भोवतालची धूळ आधी ब्रेक क्लीनरने धुवा. पुसायला कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे व्हॉल्व्ह बॉडीत गेले की सोलेनॉइडच्या जाळीवर बसतात. एअर क्लीनरचा डबा काढून तेल घातलं असेल तर तो आणि त्याची वायर परत लावूनच इंजिन चालू करा, नाहीतर आयडल बिघडेल आणि चेक इंजिनचा दिवा लागेल तो वेगळाच.

मग इंजिन चालू, एसी बंद, पाय ब्रेकवर. एक्सिलरेटरला हात... म्हणजे पाय लावायचा नाही. पी पासून डी पर्यंत सावकाश, प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबत, तसंच परत पी पर्यंत. असं दोनदा. याने क्लचच्या वाटा भरतात. मग पी मध्ये ठेवून ५० अंशांची वाट बघा. सकाळी गार गाडीला साधारण दहा-पंधरा मिनिटं लागतील.

खाली जाऊन लेव्हल प्लग काढा. ड्रेन प्लग नव्हे. ड्रेन तळाला असतो, लेव्हल प्लग व्हॉल्व्ह बॉडीच्या कव्हरवर. केसवर प्रेशर तपासायचेही प्लग असतात. चालू इंजिनावर त्यातला एखादा उघडलात तर गरम तेलाची पिचकारी थेट तोंडावर येईल. त्यामुळे मॅन्युअलमधलं चित्र बघून, इंजिन बंद असतानाच त्या प्लगवर खडूने खूण करून ठेवा. चष्मा आणि हातमोजे घालाच.

काहीच आलं नाही तर तेल कमी आहे. प्लग उघडाच ठेवून वरून १००-१०० मिली घाला, वाहायला लागेपर्यंत. जोरात आलं तर वाहू द्या. बारीक, सलग धार उरली की प्लग बंद करा.

शॉर्टकट_नाका

एवढा खटाटोप कशाला? काढलं तेवढं घातलं की काम झालं. गॅरेजवाले तेच करतात.

लाल_तेल (मडगाव)

गळती नसलेल्या गाडीत, तेल फक्त बदलायचं असेल, तर मी ते पन्नास टक्के मान्य करतो. इथे होज आधीपासून पाझरत होता. म्हणजे ३.६ लीटर निघालं ते कमी झालेल्या तेलातून निघालं. कमी होतं तेवढंच परत घातलं तर कमीच राहणार, वर सांडलेलं आणि रिकामा कूलर वेगळा. शिवाय निघालेलं तेल गरम होतं की गार? आठ लीटर तेल ६० अंशांनी तापलं तर साधारण ३५० मिलीने फुगतं. गरम काढून मोजलं आणि गार घातलं, किंवा उलट केलं, तरी फरक पडतो.

मोजून घालणं ही सुरुवात. त्याने तुम्ही लेव्हलच्या जवळपास येता. शेवटचा निकाल प्लगवरच घ्यायचा.

चिरेबंदी (डिचोली)

दुसऱ्या प्रश्नावर. उतारावर अजिबात नको. पोर्चला दर मीटरला दोन सेंटीमीटर उतार ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट. गिअरबॉक्सचा ट्रे ३५ सेंटीमीटर लांब धरला तर दोन टोकांत ७ मिलीमीटरचा फरक पडतो. भोक उताराकडच्या बाजूला असेल तर तेल बरोबर असूनही धार लागेल, वरच्या बाजूला असेल तर जास्त असूनही थेंब येणार नाही.

गाडी चारही बाजूंनी सारखी उचला. फक्त पुढून जॅक लावून बघणं म्हणजे मुद्दाम उतार करणं. चार जॅक स्टँड, मग दाराच्या उंबऱ्याजवळच्या सपाट पट्टीवर पाणसळ ठेवून लांबी बघा, आणि दोन उंबऱ्यांवर सरळ पट्टी टाकून रुंदी. गवंड्याकडची लेव्हल नळी मिळाली तर आणखी बरं, चारही जॅकिंग पॉइंटची उंची एका पाण्यात कळते. पण गाडीच्या मागच्या-पुढच्या स्प्रिंगमुळे तिचा स्वतःचा कल असतो, म्हणून संदर्भ उंबऱ्याच्या खालच्या शिवणीचा धरा, बोनेटचा नाही.

आणि कृपा करून चिरे रचून त्यावर गाडी ठेवू नका. गोव्यात प्रत्येक अंगणात चार चिरे पडलेले असतात, हात तिकडेच जातो. जांभा दगड भिंतीत दाबाखाली टिकतो, पण एका कोपऱ्यावर टेकलेल्या लोखंडी पॉइंटखाली न सांगता फुटतो. पाऊस पडून भिजलेला असेल तर आणखी लवकर. इथे तुम्ही गाडीखाली आहात, इंजिन चालू आहे आणि वर कोणीतरी गिअर बदलतंय. स्टँडच पाहिजेत, त्यांच्याखाली फरशी फुटकी असेल तर जाड प्लायचा तुकडा.

चाकं हवेत असली तर डी मध्ये टाकल्यावर फिरतात. ब्रेकवर पाय ठेवायला दुसरा माणूस हवाच. आणि पत्र्याची शेड तिन्ही बाजूंनी बंद असेल तर गाडी बाहेर काढा, पंधरा मिनिटं आयडलचा धूर आत कोंडायचा नाही.

उष्णांक

तिसरा प्रश्न राहिला. गन चालेल, पण ती कुठे रोखता त्यावर सगळं. चकचकीत अॅल्युमिनियमवर गन खोटं बोलते, ते स्वतः उष्णता फार कमी फेकतं म्हणून आकडा बराच कमी दिसतो. गिअरबॉक्सच्या खालच्या भागावर, तेलाच्या पातळीखाली येईल अशा जागी, काळ्या इन्सुलेशन टेपचा रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा नीट पुसून चिकटवा आणि त्यावर दहा सेंटीमीटरवरून मोजा. काळ्या रंगाचा लोखंडी ट्रे असेल तर टेपची गरज नाही. धातूचं तापमान तेलाच्या दोन-चार अंश मागे असतं. टेपवर ५० दिसलं की प्लगला हात घाला आणि ५६-५७ च्या आत काम उरका.

ईएलएम ३२७ चा स्वस्त ब्लूटूथ डोंगल आणि फोनवरचं अॅप घेऊन काही जण इंजिन कूलंटचं तापमान वाचतात आणि तेच तेलाचं समजतात. दोन्ही वेगळी. कूलंट ८५-९० ला पोचलं तरी गिअर तेल त्यावेळी ४५ ला असू शकतं. गिअर तेलाचं तापमान ओबीडीच्या (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं सॉकेट) सर्वसाधारण यादीत सहसा मिळत नाही, कंपनीच्या खास कोडने वाचावं लागतं. अॅपमध्ये तुमच्या गाडीचा कोड असेल तरच विश्वास ठेवा. रात्रभर उभी राहिलेल्या गाडीत इंजिन सुरू न करता वाचलं आणि आकडा बाहेरच्या हवेएवढा आला, तर कोड बहुधा बरोबर आहे.

आपल्याकडची एक अडचण म्हणजे मे महिना. तुमच्या पेटीची खिडकी, म्हणजे लेव्हल बघायची तापमानाची मर्यादा, ५० ते ६० आहे, तुम्ही सुटलात. फोक्सवॅगन-स्कोडाच्या सहा-गिअर टॉर्क कन्व्हर्टर पेटीची खिडकी ३५ ते ४५ आहे. दुपारी उन्हात उभी राहिलेली गाडी इंजिन लावायच्या आधीच ३५ च्या जवळ असते, प्लगपर्यंत हात जाईतो खिडकी बंद. अशा गाड्यांचं काम पहाटे करायचं.

घाटरस्ता

चौथ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही. ‘कमीपेक्षा जास्त बरं’ हे इंजिन ऑइललाही धड लागू नाही आणि ऑटोमॅटिक गिअरला तर नाहीच. पातळी चढली की फिरणारे गिअर आणि डिफरन्शियलचं मोठं चाक तेलात बुडतं आणि ताक घुसळल्यासारखा फेस काढतं. फेस दाबला जातो, तेल दाबलं जात नाही. पंप फेस ओढतो, क्लचवरचा दाब पडतो, आणि गाडी तेल कमी असल्यासारखीच घसरते. म्हणून लक्षणावरून जास्त की कमी ते ओळखता येत नाही, बरेच जण घसरतंय म्हणून आणखी ओततात. फेस ब्रीदरमधून (पेटीतली हवा बाहेर जायचं भोक) बाहेरही येतो, मग गिअरबॉक्सवर तेल दिसतं आणि सील गळतंय असं वाटून नवीन सील पुन्हा बदललं जातं.

कमी असेल तर डी टाकल्यावर गाडी पकडायला सेकंदाहून जास्त वेळ, दोनवरून तीन पडताना इंजिन उगाच वर जाणं, आणि वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर क्षणभर सुटल्यासारखं होणं. सपाटीवर हे कळत नाही. चोर्ल्याच्या चढणीला वळणं आणि चढ एकदम येतात, ट्रेतलं तेल एका कडेला जातं, फिल्टरचं तोंड उघडं पडतं. पण म्हणून चाचणीला घाटात जाऊ नका, आधी घराजवळ दहा किलोमीटर.

पाना_बारा (फोंडा)

देव बरे करू सगळ्यांना. आज सकाळी साडेसहाला केलं. चार स्टँड, पाणसळ दोन्ही दिशांनी मधोमध. वरून ७०० मिली घातलं, म्हणजे एकूण ४.३ लीटर. टेपवर ५२ अंशांना प्लग काढला. आधी जोरात आलं, सुमारे दीड मिनिटात बारीक धार झाली. खालच्या बाटलीत १५० मिली जमलं. तेवढ्यात टेपवर ५५. प्लग लावला.

दोन शंका. धार पूर्ण थांबून थेंब पडेपर्यंत थांबायला हवं होतं का? आणि आलेल्या तेलात पहिल्या काही सेकंदांत बारीक बुडबुडे होते, रंग लाल, स्वच्छ.

लाल_तेल (मडगाव)

हिशेब बघा: ४.३ वजा ०.१५, म्हणजे ४.१५ लीटर लागलं. काढलेलं ३.६. ‘काढलं तेवढं घाला’ केलं असतं तर ५५० मिली कमी राहिलं असतं. शॉर्टकट_नाका, हे तुमच्यासाठी.

थेंबांची वाट बघायची नाही. या पेटीसाठी बारीक सलग धार हीच बरोबर पातळी. उभ्या नळीच्या ओव्हरफ्लोच्या गाड्यांत थेंबांपर्यंत थांबतात, तिकडून ही सवय आलीय. थेंबांपर्यंत थांबलात तर थोडं कमी होईल, शिवाय तेवढ्या वेळात तेल तापून फुगत राहतं आणि धार संपतच नाही, मग माणूस काढतच बसतो.

सुरुवातीचे बुडबुडे होजमधून आणि कूलरमधून निघालेल्या हवेचे. पुढच्या वेळी दिसले नाहीत तर विसरा. काही गाड्यांत कूलरच्या वाटेवर थर्मोस्टॅट असतो, तेल चांगलं तापल्यावरच कूलर भरतो. म्हणून दहा-पंधरा किलोमीटर चालवून, गाडी रात्रभर गार करून, उद्या सकाळी हीच तपासणी पुन्हा एकदा. तेव्हा १०० मिलीच्या आत फरक आला तर बास. प्लगचा वॉशर दोन्ही वेळा नवीन घ्या. तो चेपला जाऊनच सील करतो, जुना पुन्हा बसवला तर गळती थांबवायला माणूस जास्त आवळतो आणि अॅल्युमिनियमची आटी जाते. टॉर्क रेंच वापरा, आकडा मॅन्युअलमधून.

उष्णांक

एक गोष्ट उद्या बघा. बाटलीतलं तेल उजेडात धरा. लाल आणि आरपार दिसलं तर उत्तम. सोलकढीसारखं दुधट गुलाबी दिसलं तर कूलंट मिसळलंय. गिअर तेलाचा कूलर रेडिएटरच्या पोटात असेल आणि तो गंजला की हेच होतं. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत रेडिएटर बाहेरूनही लवकर खराब होतात. तसं दिसलं तर गाडी एक मीटरही चालवू नका, क्लच प्लेटचा थर गोंदासकट सुटतो. तेव्हा लेव्हल गौण, आधी रेडिएटर.

नवीन_चाक (पेडणे)

हाच धागा वाचून माझ्या गाड्यांचं बघायचं ठरवलं. एक जुनी होंडा सिटी, पाच गिअरची ऑटोमॅटिक, तिला डिपस्टिक आहे. दुसरी एएमटी (आपोआप गिअर बदलणारी, पण क्लच पेडल नसलेली). दोन्हींना हीच पद्धत?

लाल_तेल (मडगाव)

दोन्हींना नाही.

होंडाच्या त्या पेटीत नियम उलटा आहे. गाडी सपाट जागी, रेडिएटरचा पंखा दोनदा फिरेपर्यंत तापवायची, मग इंजिन बंद करून ६० ते ९० सेकंदांच्या आत डिपस्टिक बघायची. आधी बाहेर काढून पुसायची, पूर्ण खाली घालायची, मग वाचायची. इंजिन चालू ठेवून वाचलंत तर कमी दिसेल आणि जास्त ओताल. तेल डीडब्ल्यू-१, जुन्या झेड-१ च्या जागी तेच चालतं. ही ढोबळ ओळख ध्यानात ठेवा, पण तुमच्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते आधी. बाकी बहुतेक डिपस्टिकवाल्या गाड्यांत इंजिन चालू, पी मध्ये. नळीच्या भिंतीला तेल लागून काडीची एक बाजू वर ओली येते, म्हणून दोन्ही बाजू वाचा आणि खालची धरा. वरून ओतल्यावर दोन मिनिटं थांबा, नाहीतर नळीतलं उतरणारं तेलच मोजाल.

एएमटी ही मुळात साधी मॅन्युअल पेटी, क्लच आणि गिअर बदलायला यंत्र लावलेलं. तिच्यात मॅन्युअल गिअर ऑइल, आणि हायड्रॉलिक अॅक्चुएटर असेल तर त्याचं वेगळं तेल. एटीएफची (ऑटोमॅटिकच्या तेलाची) लेव्हल असं काही तिच्यात नसतंच. तसंच होंडाच्या सीव्हीटीत (ठरलेले गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) एचसीएफ-२ तेल लागतं, तिथे डीडब्ल्यू-१ चुकूनही नको. बाटलीचं झाकण उघडण्याआधी गाडीत नेमकी कोणती पेटी आहे ते बघा. दुकानात ‘ऑटोमॅटिकचं तेल द्या’ म्हणालात तर जे हाताशी असेल ते मिळेल.

घाटरस्ता

टोयोटाच्या सीलबंद पेट्यांचा उल्लेख राहिला, कारण त्यांच्या गाड्या गोव्यात टॅक्सीत भरपूर. डब्ल्यूएस तेल, ओव्हरफ्लो प्लग. त्यांच्या अनेक पेट्यांत स्कॅनरशिवायही तापमान कळतं. ओबीडीच्या सॉकेटमधले ४ आणि १३ हे पिन वायरने जोडून लिव्हर ठरल्या क्रमाने हलवला की डी चा दिवा खूण देतो, योग्य तापमानाला स्थिर लागतो, जास्त झालं की लुकलुकतो. क्रम मॉडेलनुसार बदलतो, तो मॅन्युअलमधून घ्या. १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा करंट कायम असतो, वायर तिकडे लागली तर फ्यूज गेला. चष्मा लावून दोनदा मोजून मगच वायर घाला.

चिरेबंदी (डिचोली)

पाना_बारा, काढलेलं ३.६ आणि आजचं १५० मिली झाकणाच्या कॅनमध्ये ठेवा. कुळागरात किंवा विहिरीजवळ ओतू नका, जुनं तेल घेणारे परवानाधारक असतात, त्यांना द्या. पण उद्याची तपासणी होईपर्यंत तो कॅन हलवू नका. पुन्हा काही चुकलं तर किती निघालं होतं याचा तो एकच पुरावा आहे.

पाना_बारा (फोंडा)

दुसरी तपासणी झाली. काल १४ किलोमीटर चालवली, रात्रभर गार, आज सकाळी टेपवर ५१ अंशांना प्लग काढला. सुरुवातीपासूनच बारीक धार, बुडबुडे नाहीत, तेल लाल आणि आरपार. प्लग लावेपर्यंत ४० मिली आलं. वॉशर नवीन. सीलभोवती टिश्यू फिरवला, कोरडा.